व्हिला ह्यूगेल: क्रुपच्या टेकडीवरच्या घराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत रूर भागात राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या पाहुण्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या दिवशी झोप, दुसऱ्या दिवशी कोलोनचं कॅथेड्रल आणि तिसऱ्या दिवशी मी त्यांना एसेनला व्हिला ह्यूगेल दाखवायला नेतो. तिथे सगळे तेच प्रश्न विचारतात, फक्त क्रम बदलतो. काकांना खर्च जाणून घ्यायचा असतो, मावशीला एवढ्या घराचा केर कोण काढायचं ते, आणि भाच्याला तोफांबद्दल. उत्तरं देऊन देऊन पाठ झाली, म्हणून एकदा बसून लिहूनच काढली.

व्हिला ह्यूगेल म्हणजे नेमकं काय आणि ते कुठे आहे?

पोलाद आणि तोफांसाठी प्रसिद्ध असलेल्या क्रुप घराण्याचं हे राहतं घर. एसेन शहराच्या दक्षिणेला ब्रेडेनाय भागात रूर नदीच्या वरच्या टेकडीवर ते उभं आहे. बांधकाम १८७० साली सुरू झालं आणि जानेवारी १८७३ मध्ये मंडळी राहायला आली. 'ह्यूगेल' म्हणजे टेकडी, बाकी काही नाही. भोवतालची बाग आज २८ हेक्टरांची आहे, म्हणजे साधारण सत्तर एकर.

गच्चीवरून खाली जे रुंद पाणी दिसतं त्याचे फोटो सगळेच काढतात. तो बाल्डेनाय तलाव १९३३ साली नदी अडवून केलेला आहे. घर बांधणाऱ्याच्या नजरेसमोर तेव्हा नुसती नदी आणि कुरणं होती.

मग हा राजवाडा म्हणायचा की बंगला?

आकार राजवाड्याचा, नाव बंगल्याचं. नावात एक ताठा आहे. घर बांधणाऱ्या आल्फ्रेड क्रुपला सरदारकीची पदवी देऊ केली होती, ती त्याने घेतली नाही. आपण कारखानदार आहोत आणि तेवढं पुरे, असा त्याचा खाक्या. गंमत म्हणजे पदवी नको म्हणणाऱ्या या माणसाने घर मात्र असं बांधलं की सम्राटालाही उतरायला कमी वाटू नये.

आल्फ्रेड क्रुप कोण होता?

त्याच्या बापाने, फ्रीडरिश क्रुपने, १८११ साली एसेनमध्ये ओतीव पोलादाचा कारखाना काढला आणि कर्जात बुडून १८२६ मध्ये ऐन चाळिशीच्या आत तो वारला. तेव्हा आल्फ्रेड चौदा वर्षांचा होता. शाळा सुटली आणि तो भट्टीवर उभा राहिला. हाताशी मोजकेच कामगार होते, आणि राहायला कारखान्याच्या कडेचं एक छोटंसं घर. क्रुप लोक त्याला पुढे 'मूळ घर' म्हणू लागले.

१८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याने सुमारे दोन टनांचा पोलादाचा एकसंध ठोकळा मांडला आणि लोकांचे डोळे विस्फारले. पण खरा पैसा आला तो रेल्वेच्या चाकांवरच्या बिनजोड पोलादी धावांमधून. कंपनीच्या चिन्हातली तीन कडी म्हणजे तोफांची तोंडं, असं आमचा भाचाही ठामपणे सांगत होता. ती तोफांची तोंडं नाहीत, रेल्वेच्या धावा आहेत. तोफा मागून आल्या. नाव मात्र त्यांनीच झालं.

शहरातलं घर सोडून तो टेकडीवर का गेला?

या घराचं सगळं रहस्य याच उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८६१ मध्ये आल्फ्रेडने कारखान्याच्या आवारातच एक नवं घर बांधलं. भोवती बाग, काचेची घरं, कारंजं असा सगळा थाट. मालकाची नजर कारखान्यावर राहावी हा हेतू. त्याच वर्षी त्याच आवारात 'फ्रिट्झ' नावाचा वाफेवर चालणारा पन्नास टनी घण सुरू झाला. पन्नास टनांचं धूड पोलादावर आदळायचं तेव्हा आजूबाजूची जमीन हलायची. घरातली भांडी वाजायची. झाडांच्या पानांवर काजळी साचायची आणि वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे. ज्या यंत्राने घरात लक्ष्मी आणली त्याच यंत्राने घरात राहणं अशक्य केलं.

शिवाय गडी पक्का निद्रानाशी. रात्र रात्र जागून पत्रं आणि चिठ्ठ्या लिहायचा. कारखान्यातल्या वरिष्ठांना सकाळी टेबलावर मालकाच्या रात्रीच्या सूचनांची चळत मिळायची. आगीची तर त्याला धास्तीच होती. अशा माणसाने १८६०च्या दशकात शहराबाहेरच्या या टेकडीवर जुनी शेतवाडी विकत घेतली, आधी तिथलंच घर डागडुजी करून वापरलं आणि मग त्याच्याहून कितीतरी मोठं घर आखायला घेतलं.

माझं मत विचाराल तर व्हिला ह्यूगेल हे श्रीमंती दाखवण्यासाठी बांधलेलं घर नाहीच. झोप यावी, आग लागू नये, काजळी येऊ नये, यासाठी एका कारखानदाराने तयार केलेलं हे यंत्र आहे. आणि ते यंत्र नीट चाललं नाही.

वास्तुविशारद कोण होता?

एक असता तर सांगितलं असतं. मूळ रेखाटनं आल्फ्रेडची स्वतःची. त्यावरून नकाशे करायला एकामागून एक वास्तुविशारद आले, मालकाशी खटके उडाले आणि गेले. एडुआर्ड श्वार्त्झ आणि युलिउस राश ही त्यांतली दोन नावं. प्रत्येकाला वाटायचं की आपण घराला रूप द्यायला आलोय. मालकाला वाटायचं की माझ्या चित्राला फक्त मोजमापं घाला. दिवाणखान्याच्या सजावटीपेक्षा हवा कुठून आत येणार आणि पाणी कुठे जाणार यावर त्याची पत्रं जास्त.

ज्यांनी स्वतः घर बांधलंय त्यांना हा मालक ओळखीचा वाटेल. प्लिंथ झाल्यावर स्वयंपाकघर फिरवणारा.

बांधकाम चालू असताना युद्ध सुरू होतं, हे खरं का?

खरं. एप्रिल १८७० मध्ये काम सुरू झालं आणि जुलैमध्ये प्रशिया आणि फ्रान्स यांचं युद्ध पेटलं. आता अडचण बघा. भिंतींसाठी ठरवलेला चुनखडीचा दगड फ्रान्समधल्या शांतीयीच्या खाणींतला, आणि तो घडवायला आणलेले पाथरवटही फ्रेंच. पाथरवटांना परत जावं लागलं. दगड मात्र तटस्थ असलेल्या बेल्जियममार्गे येत राहिला. त्याच हिवाळ्यात, जानेवारी १८७१ मध्ये, पॅरिसवर तोफा डागल्या गेल्या आणि त्या क्रुपच्या होत्या. म्हणजे इकडून तिकडे गोळे आणि तिकडून इकडे दगड. भिंतीजवळ उभं राहून हे सांगितलं की पाहुणे हमखास दगडाला हात लावून बघतात.

संकटं तेवढ्यावर थांबली नाहीत. वादळाने बांधकामाचं नुकसान केलं. टेकडीखाली कोळशाच्या खाणी, त्यामुळे जमीन खचून भिंतींना तडे गेले. ज्या कोळशावर भट्ट्या पेटायच्या, तोच पायाखालची जमीन ओढत होता.

शैली कोणती म्हणायची? बाहेरून इतकं कोरडं का दिसतं?

पुस्तकी उत्तर: उत्तरकालीन अभिजातवाद आणि थोडा नवप्रबोधनकाळ. साध्या भाषेत सांगायचं तर एक मोठा, जवळजवळ चौकोनी ठोकळा, तीन मजले, सपाट छप्पर आणि त्या छपराच्या मधोमध वर काढलेला काचेचा मजला. खिडक्यांच्या ओळी सरळ, कोरीव काम बेताचं. शेजारी 'छोटं घर' म्हणून दुसरी इमारत आहे (छोटं हे नाव विनोदाने दिलं असावं असं तिच्यासमोर उभं राहिल्यावर वाटतं). दोन्ही इमारती मधल्या बुटक्या भागाने जोडलेल्या आहेत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे रेल्वेचं मुख्यालय वाटलं होतं. त्या काळातले इतर जर्मन धनिक मनोरे, बुरूज, परीकथेतले सज्जे असलं काहीबाही बांधत होते. त्यांच्या शेजारी हे घर अगदी हिशेबी दिसतं. वरच्या काचेच्या मजल्याचं कामही हिशेबाचंच: घराच्या पोटात दोन प्रचंड दालनं आहेत, एकावर एक, त्यांना चारी बाजूंनी खोल्यांचा वेढा. मग मध्ये उजेड येणार कुठून? वरून. आपल्याकडच्या वाड्याचा चौक उघडा असतो. इथल्या हवेत तो सोसणार नाही, म्हणून त्यावर काचेचं झाकण ठेवलं असं समजा.

आगीच्या भीतीमुळे घरात लाकूडच वापरलं नाही म्हणतात. मग आत इतकं लाकूडकाम कसं?

दोन्ही खरं आहे, फक्त काळ वेगळे.

आल्फ्रेडने घर दगड, लोखंड आणि काच यांत बांधून घेतलं. छताचा सांगाडासुद्धा लोखंडी. जळण्यासारखं जेवढं टाळता येईल तेवढं टाळलं. भिंती उघड्याबोडक्या, दालनं गार आणि घुमणारी. तळघरात हवा तापवायची आणि भिंतींतल्या पोकळ्यांमधून ती खोल्यांत सोडायची, अशी उष्ण हवेची व्यवस्था त्याने केली होती. त्या काळाच्या मानाने कल्पना फार पुढची. प्रत्यक्षात हिवाळ्यात मंडळी कुडकुडायची आणि उन्हाळ्यात वरच्या काचांमुळे उकडून निघायची. दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या. पोलादाच्या भट्टीचं तापमान नेमकं साधणाऱ्या माणसाला स्वतःच्या झोपण्याच्या खोलीचं साधलं नाही.

आज आपण पाहतो ते भिंतींवरचं गडद ओकचं लाकडी आच्छादन, चौकटीचौकटींची छतं, ग्रंथालय, जिने, हे सगळं नातीच्या काळातलं. १९१२ नंतरच्या तीन-एक वर्षांत बेर्टा आणि तिचा नवरा गुस्ताव यांनी घर आतून पार बदललं. भिंतींवरचे फ्लेमिश विणकामाचे प्रचंड पडदेही आल्फ्रेडच्या मागून आले. तो आज परत आला तर पहिल्यांदा इतकं लाकूड पाहून त्याच्या छातीत धडकी भरेल.

खोल्या नक्की किती? कुठे २६९ लिहिलंय, कुठे ३९९.

मुख्य इमारतीत २६९, सुमारे ८,१०० चौरस मीटर. जोडलेल्या इमारती धरल्या की ३९९. दोन्ही आकडे बरोबर, मोजणी वेगळी. यांतल्या पाहायला मिळतात त्या थोड्याच.

आणि खर्च?

काका, तो आकडा मी सांगत नाही, कारण तेव्हाच्या चलनातला आकडा आजच्या युरोत बदलताना प्रत्येक जण आपापल्या मनाप्रमाणे बदलतो. त्यापेक्षा ही गोष्ट जास्त बोलकी आहे: १८७३ च्या जानेवारीत गृहप्रवेश झाला, त्याच वर्षी बाजार कोसळला आणि १८७४ मध्ये आल्फ्रेडला कंपनी वाचवण्यासाठी बँकांच्या गटाकडून तीन कोटी मार्कांचं कर्ज काढावं लागलं. टेकडीवर नवंकोरं घर आणि खाली कारखान्यात बँकेचा माणूस.

बागेतली झाडं इतकी जुनी कशी? घराच्या आधीची आहेत का?

काही आहेत. पण टेकडी बरीचशी उघडी होती. घर पूर्ण झालं तेव्हा आल्फ्रेड साठीला आलेला. रोपं लावून ती वाढायची वाट बघण्याइतका वेळ आपल्याकडे नाही, हे त्याला कळत होतं. मग त्याने पूर्ण वाढलेली झाडं आजूबाजूच्या भागांतून मुळांसकट उचलून आणवली. हिवाळ्यात जमीन गोठलेली असताना मुळांभोवतीचा मातीचा गड्डा दगडासारखा घट्ट होतो, तेव्हा ती गाड्यांवर घालून ओढायची. ज्या वयात लोक नातवंडांसाठी आंबा लावतात त्या वयात याने सावलीच विकत आणली.

एवढ्या घराचा केर कोण काढायचं?

मावशी, तुमचा प्रश्न इतिहासकारांनाही पडला आहे, आणि उत्तर नोंदींत आहे. १८७६ मध्ये ह्यूगेलवर ६६ माणसं कामाला होती. १९०२ मध्ये ५७०. १९१४ मध्ये ६४८! यांत केर काढणाऱ्या बायका थोड्या. माळी, गाडीवान, घोड्यांचे मोतद्दार, आचारी, धोबी, वाढपी, यंत्रं सांभाळणारे, रखवालदार असे सगळे मिळून. घराचं स्वतःचं पाणीपुरवठा केंद्र होतं आणि गॅसचंही. या लोकांना राहायला जवळच ब्रांडेनबुश नावाची वसाहत उभी राहिली. ती अजून आहे, छोटी नीटनेटकी घरं, आणि मला विचाराल तर व्हिलापेक्षा तिथे चालायला जास्त बरं वाटतं.

आल्फ्रेड इथे सुखी होता का?

नसावा. बायको (नात बेर्टा वेगळी, ही आजी) बेर्टा आयश्‌हॉफ दुखणाईत, तिला ना हे घर मानवलं ना नवऱ्याचा स्वभाव. १८८२ मध्ये मुलाच्या लग्नावरून भांडण विकोपाला गेलं आणि ती ह्यूगेल सोडून गेली. पुढची पाच वर्षं तो या अडीचशेहून जास्त खोल्यांत जवळजवळ एकटाच. १४ जुलै १८८७ ला तो इथे वारला. अंत्ययात्रा मात्र इथून निघाली नाही. त्याचा देह कारखान्याकडच्या त्या जुन्या लहानग्या 'मूळ घरात' नेला आणि तिथून शेवटचा प्रवास झाला.

ते मूळ घर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात गेलं. १९६१ मध्ये कंपनीला दीडशे वर्षं झाली तेव्हा त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधली. एसेनला गेलात तर दोन्ही घरं एकाच दिवशी पाहा. मूळ घर तर दोन मिनिटांत पाहून होतं.

सम्राट खरंच इथे राहायचा का?

दुसरा विल्हेल्म अनेकदा यायचा. आल्फ्रेडचा मुलगा फ्रीडरिश आल्फ्रेड आणि सून मार्गारेटे यांच्या काळापासून ह्यूगेल हे घर कमी आणि दरबार जास्त झालं. तोफांचे गिऱ्हाईक म्हणजे राजे, सेनापती आणि राजदूत. त्यांना उतरवायचं ते इथे.

यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. ऑगस्ट १९१२, कंपनीच्या शताब्दीचा सोहळा. सम्राट आलेला. त्याच्यासमोर मध्ययुगीन सरदारांच्या द्वंद्वाचा देखावा सादर व्हायचा होता. चिलखतं, घोड्यांच्या झुली, पोशाख सगळं तयार, तालमी झालेल्या. ८ ऑगस्टला शेजारच्या बोखुममधल्या लोथरिंगेन कोळसाखाणीत स्फोट झाला आणि शंभराहून जास्त खाणकामगार मेले. देखावा रद्द झाला. शिवून ठेवलेले ते पोशाख आणि खाणीतून वर काढलेली ती प्रेतं, दोन्ही काही मैलांच्या अंतरात. रूर भागाचं त्या वर्षीचं चित्र मला याहून नेमकं कुठे सापडलेलं नाही.

आल्फ्रेड, आल्फ्रीड, फ्रीडरिश आल्फ्रेड: नावांचा गोंधळ होतो.

सगळ्यांचाच होतो. क्रम असा: आल्फ्रेड (१८१२ ते १८८७) याने घर बांधलं. त्याचा मुलगा फ्रीडरिश आल्फ्रेड, घरचं नाव फ्रिट्झ (होय, त्या घणाचंही तेच). १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये समाजवादी वर्तमानपत्राने काप्री बेटावरच्या त्याच्या खाजगी आयुष्याबद्दल मजकूर छापला आणि आठवड्याभरात तो ह्यूगेलवरच मेला. मुलगा नव्हता, दोन मुली. थोरली बेर्टा वारस झाली. १५ ऑक्टोबर १९०६ रोजी याच घरात तिचं गुस्ताव फॉन बोलेन उंड हाल्बाख या राजनैतिक अधिकाऱ्याशी लग्न झालं. सम्राट हजर होता, आणि त्याच्या परवानगीने नवरदेवाने आपल्या नावापुढे 'क्रुप' लावलं. आपल्याकडे नाव बदलायची पाळी नवरीवर येते. इथे कंपनीचं नाव नवऱ्यापेक्षा मोठं होतं. पहिल्या महायुद्धातल्या अजस्र तोफेला सैनिकांनी 'जाडी बेर्टा' म्हटलं ते हिच्यावरूनच.

बेर्टा आणि गुस्तावचा थोरला मुलगा तो आल्फ्रीड. शेवटचा एकहाती मालक.

नाझी काळात इथे काय झालं?

हा भाग कोणाला आवडत नाही आणि गाळताही येत नाही. क्रुप कंपनी हिटलरच्या युद्धयंत्रणेचा आधारस्तंभ होती. कारखान्यांत युद्धकैदी आणि जबरदस्तीने आणलेले परदेशी मजूर हजारोंनी राबवले गेले. १९४३ मध्ये हिटलरने खास क्रुपसाठी हुकूम काढून सगळी मालमत्ता आल्फ्रीडच्या एकट्याच्या नावावर राहील अशी सोय केली. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैनिक टेकडी चढून आले आणि त्यांनी आल्फ्रीडला इथेच अटक केली. न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात १९४८ मध्ये त्याला बारा वर्षांची कैद आणि मालमत्ताजप्तीची शिक्षा झाली. १९५१ मध्ये तो सुटला आणि मालमत्ता परत मिळाली. का, तर तोवर शीतयुद्ध सुरू झालं होतं आणि पश्चिमेला जर्मन पोलाद हवं होतं.

एसेन बेचिराख झालं, मग हे घर कसं वाचलं?

बॉम्बचं लक्ष्य कारखाना होता, आणि तो इथून काही किलोमीटर उत्तरेला. धुरापासून लांब जायचं म्हणून निवडलेली जागा अशी कामी आली. फेल्बर्टजवळच्या डोंगरावर तर विमानांना चकवण्यासाठी क्रुपच्या कारखान्याची दिव्यांची खोटी प्रतिकृती उभारली होती. युद्धानंतर ब्रिटिशांनी या घरात कोळशाच्या नियंत्रणाची कचेरी थाटली. १९५२ मध्ये घर परत मिळालं, पण राहायला कोणी आलं नाही. पुढच्याच वर्षी इथे पहिलं कलाप्रदर्शन भरलं.

आता मालक कोण?

एक न्यास. आल्फ्रीडचा एकुलता मुलगा आर्न्ट याने १९६६ मध्ये वारसाहक्क सोडला. हे घडवून आणण्यात मोठा हात बेर्टोल्ड बाइट्झ या आल्फ्रीडच्या विश्वासू कारभाऱ्याचा होता. (युद्धाच्या काळात आज युक्रेनमध्ये असलेल्या बोरिस्लाव्हमध्ये शेकडो ज्यूंचे जीव वाचवणारा हाच तो बाइट्झ.) आल्फ्रीड १९६७ मध्ये वारला आणि १ जानेवारी १९६८ पासून त्याच्या नावाच्या न्यासाचं काम सुरू झालं. एसेनच्या फोल्कवांग संग्रहालयाची नवी इमारत २०१० मध्ये झाली, तिचे साडेपाच कोटी युरो याच न्यासाने दिले. १९०५ मध्ये सुरू झालेलं क्रुपचं ऐतिहासिक दप्तरही ह्यूगेलवरच आहे. त्यातल्या जुन्या फोटोंसाठी मी पुन्हा पुन्हा जातो. आल्फ्रेडने १८६१ मध्येच कारखान्यात छायाचित्रांचा स्वतंत्र विभाग काढला होता.

संरक्षित वास्तू म्हणजे काय? खिळा ठोकायलाही परवानगी लागते का?

खिळ्याला नाही, पण फार दूरही नाही. नॉर्डराइन-वेस्टफालन राज्यात १९८० च्या कायद्यापासून प्रत्येक नगरपालिकेने संरक्षित वास्तूंची यादी ठेवायची असते. यादीत नाव चढलं की मालकाला वास्तू सांभाळावी लागते आणि आतबाहेर काही बदलायचं तर शहराच्या वास्तुसंरक्षण खात्याची संमती घ्यावी लागते. मोबदल्यात दुरुस्तीच्या खर्चावर प्राप्तिकरात सवलत मिळते. एसेनच्या यादीत हे घर आणि त्याचा परिसर आहे.

इथे एक पेच आहे. जपायचं ते काय? आल्फ्रेडचं रिकामं, लोखंडी घर की त्यावर चढलेलं बेर्टाच्या काळातलं ओक? दोन्ही आता इतिहासच, म्हणून ओक काढून मूळ भिंत दाखवावी असं कोणी म्हणत नाही. मला मात्र एका कोपऱ्यात का होईना, ती उघडी भिंत पाहायला आवडली असती.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि बऱ्यापैकी. १९५९ मध्ये व्हिला ह्यूगेलमध्ये भारताच्या पाच हजार वर्षांच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओडिशातल्या राउरकेल्याच्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं. तो कारखाना उभारणाऱ्या जर्मन कंपन्यांमध्ये क्रुप आणि डेमाग आघाडीवर होत्या.

आणि पिंपरीकरांना वेगळं सांगायला नको. साखर कारखान्यांची यंत्रं करणारी बकाऊ वूल्फ पुढे क्रुप झाली आणि नंतर थिसेनक्रुप. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात हे नाव तोफांमुळे नाही, चरकामुळे माहीत आहे.

जायचं कसं आणि काय चुकवू नये?

एसेनच्या मुख्य स्टेशनवरून एस-६ लोकल पकडा, ती थेट 'एसेन-ह्यूगेल' स्टेशनवर सोडते. स्टेशनावरून चढ आहे. गुडघे दुखत असतील तर तसं ठरवून या. सोमवारी घर बंद असतं. वरच्या दालनात मैफली आणि समारंभ होतात, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या दिवशी उघडं आहे ना हे पाहून घ्या. आम्ही एकदा नुसती बाग फिरून आलोय.

मुख्य घरात वरच्या दालनात मधोमध उभं राहून वर बघा, उजेड कुठून येतो ते. छोट्या घरातलं क्रुप घराण्याचं आणि कंपनीचं प्रदर्शन बहुतेक जण घाईत उरकतात, तसं करू नका.

आणि लहान मुलं बरोबर असतील तर बागेतलं 'चिमणीचं घर' शोधा. जर्मन नावाचा अर्थही अगदी तोच आहे. फ्रिट्झने बेर्टा आणि बार्बारा या मुलींना खेळायला बांधून दिलेलं हे लाकडी चौकटीचं छोटं घर. माझ्या पाच वर्षांच्या भाचीने त्याच्यासमोर उभं राहून विचारलं, "हे मेणाचं आहे की शेणाचं?" मी म्हटलं, "लाकडाचं." तिने मागे वळून टेकडीवरच्या त्या ठोकळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग ते कावळ्याचं."